काढून टाकलेल्या वळणावरचा हॉर्न

"रस्ता ही समाजाची रक्तवाहिनी आहे. माणसं येतात, माणसं जातात. रस्ता मात्र कधी मरत नाही."

हे वाक्य एका स्मरणिकेत पहिल्याच पानावर, एका मान्यवरांच्या फोटोखाली छापलेलं आहे. ते मी लिहिलंय. जुळे सोलापुरातल्या माझ्या फ्लॅटमध्ये, बनियनवर बसून, गॅसवर भात लावून. भात करपला, वाक्य पास झालं.

ते लिहिताना मेलेला रस्ता मी पाहिलेला नव्हता. नंतर पाहिला. त्याचीच ही हकीकत.

आधी माझ्याविषयी थोडं, म्हणजे तुम्हाला मला कुठे ठेवायचं ते ठरवता येईल. मी एका स्थानिक दैनिकात उपसंपादक म्हणून निवृत्त झालो. आयुष्यभर इतरांच्या बातम्यांमधली विशेषणं काढली. तुमच्या या भुताखेतांच्या सदरातले अनुभवही मी वाचतो — पण वाचताना हातात पेन्सिल असते. अमावास्या, पांढरी साडी, उलटे पाय आले की मी समासात फुली मारतो. आमच्या डेस्कवर एक नियम होता : "म्हणे" असलेली बातमी लावायची नाही. कुणाच्या आत्याच्या जावेनं पाहिलेलं भूत आमच्याकडे चाललं नसतं, आणि मी स्वतः तर ते कचऱ्याच्या टोपलीत नेऊन टाकलं असतं. त्यामुळे हे लिहिताना मला अवघडल्यासारखं होतंय. पण यात "म्हणे" कुठेच नाही, एवढं सांगतो. ज्या वेळी हे घडलं तेव्हा लख्ख ऊन होतं, मी व्यवस्थित जेवलेलो होतो, आणि चष्मा नाकावर होता.

झालं असं. आमच्याकडच्या एका राज्यमार्गाचं चौपदरीकरण झालं. नंबर सांगत नाही. मोहोळच्या अलीकडे फुटतो तो, एवढं पुरे. त्यावर एक बायपास निघाला. बायपास वाहतुकीला खुला होऊन दुसरा उन्हाळा आला तरी उद्घाटन राहिलंच होतं. कधी आचारसंहिता आडवी आली, कधी पाहुण्यांना तारीख नव्हती. गाड्यांना हे कुणी कळवलं नव्हतं, म्हणून त्या धावत होत्या. शेवटी तारीख मिळाली, स्वागत समिती झाली, आणि समितीचे सचिव आबासाहेब माझ्याकडे आले. आबासाहेबांचा मूळ व्यवसाय मला ठाऊक नाही. मी त्यांना सत्कार करतानाच पाहिलंय.

"सर, स्मरणिकेसाठी रस्त्याचा इतिहास पाहिजे. जरा दणदणीत होऊ द्या."

"रस्ता साधा आहे हो."

"म्हणून तर तुमच्याकडे आलो. शिवकालापासून सुरुवात करा की."

"शिवकालात हा रस्ता होता याला आधार काय?"

"नव्हता याला काय आधार हाय?"

इतिहास संशोधनाची ही पद्धत मला नवीन होती. पण काम घेतलं. खरं सांगायचं तर वेळ होता. सुनंदा — माझी बायको — जाऊन दोन वर्षं झाली होती, मुलगी पुण्याला असते, रविवारी फोन करते. बाकीचे सहा दिवस कुणालातरी इतिहास हवा आहे हे काही वाईट नाही.

इतिहास तसा सरळ निघाला. आधी बैलगाडीची वाट. मग बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी पोटासाठी खडी फोडली, तिचा कच्चा रस्ता. मग डांबर. मग राज्यमार्ग म्हणून नंबर मिळाला आणि कडेला हिरव्या डोक्याचे किलोमीटरचे दगड उभे राहिले. मग रुंदीकरण, त्यात कडेची चिंच-लिंबाची झाडं गेली. आणि आता हा बायपास. याआधीच्या प्रत्येक टप्प्याला उद्घाटन झालेलं होतं. या रस्त्यात डांबरापेक्षा नारळाचं पाणी जास्त मुरलंय, असं मी पहिल्या खर्ड्यात लिहिलं होतं. ते आबासाहेबांनी काढलं.

सरळ नव्हतं ते एक वळण. माळावरून उतारानं येणारा रस्ता मधेच, काही कारण नसताना, कोपरापासून दुमडलेल्या हातासारखा वळायचा आणि ओढा ओलांडून पुन्हा मूळ दिशेला लागायचा. या वळणाची तीन कारणं मला सांगण्यात आली. एक, तिथे कुणी साधुपुरुष बसले होते, इंग्रज साहेबाला दृष्टान्त झाला आणि त्यानं रस्ता वळवला. दोन, तिथल्या पाटलानं जमीन दिली नाही. तीन, मधली जमीन काळी चिकट, पावसाळ्यात बैलगाडी पोटापर्यंत रुतायची, म्हणून लोक मुरमाड कडेनं वळसा घालायचे आणि पुढचे सगळे रस्ते त्याच चाकोरीवर झाले. साधू, पाटील आणि चिखल यांच्यात निवड करायची झाली तर मी नेहमी चिखलाच्या बाजूनं असतो. बायपासनं तो काळा पट्टा भराव टाकून सरळ पार केला, आणि वळण रस्त्यातून बाहेर पडलं.

हे वळण एकदा डोळ्यांनी पाहावं म्हणून मी सलीमला विचारलं. सलीमची रिक्षा आमच्या बिल्डिंगखालच्या स्टँडला असते. सुनंदाच्या डायलिसिसच्या फेऱ्या त्याच्याच रिक्षातून झाल्या. तिला जिन्यावरून उतरवताना एक हात माझा असायचा, एक त्याचा. त्यामुळे तो मला भाडं म्हणून बघत नाही.

"चाँदभाईचं वळण?" तो हसला. "सर, चाँदभाई म्हणजे माझे अब्बा. तिथं हॉटेल आमचंच. अम्मी अजून तिथंच हाय."

"बंद रस्त्यावर?"

"तेच तर ना." हसू गेलं. "चला तुम्ही. माझंबी एक काम हाय तुमच्याकडं. वाटेत सांगतो."

वाटेत त्यानं सांगितलं ते असं. वळणाच्या वर, उताराच्या तोंडाला, खात्याची पाटी होती : हॉर्न द्या. समोरून येणारी गाडी दिसायची नाही म्हणून. वळणाच्या पलीकडे चाँदभाईंचं चहाचं हॉटेल. येणारा प्रत्येक जण हॉर्न देणारच, तर तो फुकट कशाला जावा, असा चाँदभाईंनी विचार केला आणि हिशोब ठरवून टाकला — जितके हॉर्न तितके चहा. ड्रायव्हर-कंडक्टर दोघं असतील तर दोन. ट्रकवर क्लीनरही असेल तर तीन. गाडी उतार उतरून वळेपर्यंत ग्लास भरून फळीवर तयार. एसटीवाले, ऊसवाले, वाळूवाले, सगळ्यांना हे ठाऊक होतं. नवख्यांना नसायचं. एकदा एक नवा ड्रायव्हर पाटी वाचून, नियमाला घाबरून, पाच वेळा हॉर्न देत खाली आला, आणि त्याला एकट्याला पाच चहा घ्यावे लागले.

"घेतले?"

"घेतले की. हॉर्न दिला म्हणजे ऑर्डर. अब्बा सोडत नव्हते."

चाँदभाई वारले, मग रस्ता सुटला. खरं तर तोडलाच. सोलापूरच्या बाजूला पाइपलाइनसाठी चर खणून मुरमाचा ढीग टाकला, दुसऱ्या टोकाची ओढ्यावरची मोरी पाडून तिचे दगड नेले. मधल्या तुकड्यात आता सायकलसुद्धा जात नाही. सलीमनं बायपासवर, पेट्रोल पंपाच्या शेजारी टपरीला जागा बघून ठेवली. घरात एक खोली रिकामी केली. अम्मी हलायला तयार नाही.

"का?"

त्यानं मागे न बघता सांगितलं, "म्हणते, दुपारच्याला हॉर्न वाजतो. गिऱ्हाईक हाय, टाकून कशी येऊ. रोज चहा टाकते, सर. कुणी नाय, काय नाय, आन ही दोन ग्लास भरून फळीवर ठेवते. मी कितीदा बसलो. मला एकदाबी ऐकू नाय आलं. पावसाळ्यात ताप येऊन पडली होती तिथं... मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्याच दिवशी सापबी निघाला होता पत्र्याखाली." त्यानं गिअर बदलला. "डोक्याच्या डॉक्टरकडं नंबर लावलाय. ती म्हणते, कुणी शहाणा माणूस आणून बसव. त्याला नाय वाजला, तर मी मुकाट येते. म्हटलं, आमच्या स्टँडला तुमच्यापेक्षा शहाणा कोण हाय? तुम्ही बसा, आन सांगा तिला, काय वाजत नाय म्हणून. तुमचं ऐकेल ती."

मी हो म्हणालो. मला ते फारच सोपं काम वाटलं.

चरापाशी रिक्षा लावून आम्ही ढिगावरून पलीकडे उतरलो. बंद रस्ता कधी पाहिलाय का तुम्ही? पडकं घर निदान पडकं दिसतं. रस्ता तसाच असतो — रुंद, काळा, मधली पांढरी रेघ अजून शाबूत. फक्त साइडपट्टीवरचं गवत कडेनं आत यायला लागलेलं, भेगांमधून काटेरी गोखरू पसरलेला. एक हिरव्या डोक्याचा दगड उभा होता, सोलापूरचं अंतर सांगत. ते अंतर आता चूक होतं; पण त्याला विचारणारंही कुणी नव्हतं. इतकी रुंद शांतता मी कधी ऐकली नव्हती. वाऱ्यावर फक्त सुकलेल्या कुसळांचा आवाज. माझ्या फ्लॅटमध्ये दुपारी फ्रीज बंद होतो तेव्हा असंच होतं... पण तिथे निदान भिंती असतात.

"हॉर्न द्या" ची पाटी कलली होती, अक्षरं वाचता येत होती. उतार उतरून वळलो तर समोर पत्र्याचं हॉटेल, बाहेर दोन बाकडी, आणि रस्त्याच्या अगदी मधोमध झोपलेलं एक तपकिरी कुत्रं.

"ते बायपास," सलीम म्हणाला.

"काय?"

"कुत्र्याचं नाव, सर. रस्ता बंद झाल्यावर हितंच जन्मलं, म्हणून मी बायपास ठेवलं. गाडी म्हणजे काय ते त्याला माहीतबी नाय. बघा कसं झोपलंय, बापाचा रस्ता असल्यासारखं."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी तेव्हा ठेवलं नव्हतं.

सलीमची अम्मी, जुबेदाभाभी, माझ्याच वयाच्या असतील. उंच, काटक, डोक्यावरचा पदर कानामागे खोचलेला. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"ह्ये व्हय तुझा शहाणा माणूस?"

"अम्मी, पेपरात होते सर."

"मग तर बघाय नगं," त्या म्हणाल्या. मग मला, "बसा भाऊ. तुमच्यासाठी आदीच चहा टाकत न्हाय. त्यो वाजू द्या, मग त्याच्यातलाच देते. न्हाय वाजला तर बिनचहाचं जाशीला."

"चालेल."

"एक सांगते. माझं मन राखाय म्हणून व्हय म्हणू नका, आन ह्याचं मन राखाय म्हणून न्हाय म्हणू नका. जे ऐकू यील ते सांगा. न्हाय आलं तर मी आजच कुलूप घालते आन ह्याच्या डाक्टरफुडं जाऊन बसते. येडी तर येडी."

"क्या बी बोलती अम्मी..." सलीम पुटपुटला, आणि रिक्षात राहिलेलं गॅसचं सिलिंडर आणायला परत चराकडे निघाला. चढावरून, त्याच रस्त्यानं.

आम्ही बसलो. मी विचारलं, "भाभी, तुम्हाला काय वाटतं, कोण असेल? चाँदभाई?"

"त्येंच्याकडं कुटं गाडी हुती? त्ये सायकलीवर फिरायचे."

"मग एखादा ओळखीचा ड्रायव्हर... वारलेला वगैरे?"

"लई वारले. त्यातला कुटला म्हणू?" त्यांनी पातेलं फडक्यानं पुसलं. "कोन का असंना. गिऱ्हाईक हाय."

"भीती नाही वाटत?"

"वाजला की कसली भीती? न्हाय वाजला त्या दिवशी वाटती." मग जरा वेळानं, माझ्याकडे न बघता, "दिसभर बोलाय कोन नसतंय, भाऊ. मानसाला आपलाच भरोसा ऱ्हात न्हाय. वाटतं, खरंच ऐकलं का मनानंच वाजिवलं? तेवढं एक कुणीतरी सांगावं... बास."

सुनंदा गेल्यानंतर पहिलं वर्षभर स्वयंपाकघरात कपबशीचा आवाज झाला की मी "काय गं?" म्हणायचो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. विचारणारही कोण?

ऊन कललं होतं. पत्र्याची सावली बाकड्यापर्यंत आली होती. आणि हॉर्न वाजला.

मी शक्य तितकं काटेकोर लिहितो. आवाज उताराकडून आला, पाटीच्या बाजूनं. जाडसर, बसलेल्या गळ्याचा, जुन्या लाल एसटीला असायचा तसा. एकदा. मधे थोडं थांबून पुन्हा एकदा. नवा बायपास रस्ता तिथून माळापलीकडे, बराच लांब, आणि पाठीमागच्या बाजूला. तिथल्या ट्रकांचे हॉर्न हल्ली गाणी म्हणतात. हा गाणं म्हणत नव्हता. हा चहा मागत होता. सलीमच्या रिक्षाचा म्हणावा, तर तो हॉर्न मी चांगला ओळखतो. दिवाळीपासून तो वाजतच नाही.

भाभींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. काडी ओढली, पातेलं ठेवलं.

इथपर्यंत मी स्वतःची समजूत घातली असती. वारा असतो, आवाज कुठून कुठे जातो, वयाबरोबर कानही लबाड होतात. पण मी रस्त्याकडे पाहत होतो. आणि ते कुत्रं उठलं.

दचकून नाही. भुंकलंही नाही. रस्त्यावर राहणारी कुत्री गाडी आली की उठतात ना, जरा कंटाळून, अंग ओढत, तसं ते उठलं, साइडपट्टीवर जाऊन उभं राहिलं. मान वर करून ते उताराकडे बघत होतं. मग त्याची मान हळूहळू वळत गेली... उताराकडून वळणाकडे, वळणावरून हॉटेलसमोर... आणि थांबली. त्यानं शेपूट हलवलं. थोडा वेळ तसंच उभं राहिलं. मग परत रस्त्याच्या मधोमध जाऊन, होतं त्याच जागी, आडवं झालं.

ज्या कुत्र्यानं जन्मात त्या रस्त्यावर गाडी पाहिलेली नव्हती, ते गाडीला वाट देऊन परत झोपलं होतं.

फळीवर दोन ग्लास भरून तयार होते. वाफ येत होती. समोर कुणीही नव्हतं.

मी उठलो आणि चढ चढत पाटीपर्यंत गेलो. पत्रकाराचं कुतूहल निवृत्त होत नाही, फक्त त्याला दम लागतो. वरच्या भेगांमधला गोखरू जसाच्या तसा होता. तो चाकाखाली सापडला की चेपतो, हे लहानपणी सायकल चालवलेल्या कुणालाही ठाऊक असतं. एक काटा चेपलेला नव्हता. समोरून सलीम येत होता, खांद्यावर सिलिंडर, घामानं निथळलेला.

"सलीम, गाडी गेली का एखादी तुझ्या बाजूनं?"

"कुठनं जाणार सर? उडून?"

"हॉर्न ऐकलास?"

त्यानं सिलिंडर खाली ठेवलं. माझ्याकडे नीट पाहिलं. "नाय," तो म्हणाला. मग अगदी हळू, "सर... तुम्ही नाय म्हणणार ना? बघा, तिला इथं काय झालं, तर मला कळणारबी नाय."

त्यानं सिलिंडर पुन्हा उचललं, आम्ही खाली उतरलो. लक्षात घ्या, हा प्रश्न भुताचा नव्हताच. "नाही" म्हटलं असतं तर ती बाई त्याच संध्याकाळी मुलाच्या घरी सुरक्षित पोचली असती — आणि उरलेलं आयुष्य स्वतःला वेडी समजून जगली असती. "हो" म्हटलं असतं तर त्या ओसाड तुकड्यावर, सापाच्या आणि तापाच्या सोबतीला, एकटी राहिली असती, आणि तसं तिला ठेवणारा मी. शहाण्या माणसानं काय म्हणावं हे उघड होतं. सलीमनं तर मला शहाणा म्हणूनच आणलं होतं.

भाभी हात पुसत उभ्या होत्या. "बोला भाऊ."

"वाजला," मी म्हणालो. "दोनदा."

सलीमनं सिलिंडर दाणकन ठेवलं. "सर, तुम्हीबी? तुम्हाला कशासाठी आणलं मी?"

"जे ऐकलं ते सांगितलं रे. जे ऐकलंच नाही असं कसं सांगू?"

"ऐकलं! दोघं बसा आता हितं चहा पीत!" तो पाठ फिरवून रस्त्याकडे बघत उभा राहिला. खांदे हलत होते. घाम पुसत असेल, किंवा नसेलही.

भाभी फळीकडे वळल्या. फळीवरचा एक ग्लास मला दिला, एक स्वतः घेतला. बाकड्यावर टेकून त्यांनी तो सावकाश संपवला. मी माझा. चहा उत्तम होता. मग त्यांनी गाळणी झटकली, चोथा हॉटेलामागच्या एकुलत्या चिंचेच्या बुंध्यात टाकला, पातेलं घासलं, आणि फळीवर पालथं घातलं.

"सलीम."

"काय?"

"चल."

"कुठं?"

"कुटं म्हंजे? तूच घसा कोरडा करतूस न्हवं दोन वर्सं? पंपाजवळ जागा बघितलीस म्हणं. चल, दाव."

सलीम तोंड उघडं टाकून बघत राहिला. "पण सर तर हो म्हणाले!"

"म्हणूनच." त्यांनी ग्लास एकात एक घातले. "येडी म्हणून न्यायला बसला हुतास, तशी मी येत नव्हते. आता कळलं, मी बरी हाय. बऱ्या मानसाला कुटंबी जाता येतं."

सामान फार नव्हतंच. पत्र्याच्या दाराला कुलूप घालून झाल्यावर त्या क्षणभर उताराकडे बघत उभ्या राहिल्या. "त्यो उद्या आला तर..." एवढंच म्हणाल्या. वाक्य अर्धं सोडलं. बायपास आमच्या मागोमाग मुरमाच्या ढिगापर्यंत आलं. सलीमनं हाका मारल्या, बिस्किट दाखवलं. ते ढिगावर चढलं, पलीकडचा हायवे पाहिला, आणि वळून परत गेलं.

उद्घाटन थाटात झालं. माझं वाक्य लाउडस्पीकरवरून वाचलं गेलं, टाळ्या पडल्या. भाभींच्या नव्या टपरीसमोर नेमका स्वागताचा फ्लेक्स लागला, त्यामुळे त्या दिवशी तिथे टपरी आहे हे कुणाला कळलं नाही. स्मरणिकेतल्या माझ्या लेखातून वळणाचा परिच्छेद गायब होता. आबासाहेबांना विचारलं तर म्हणाले, "सर, जे वळण राहिलंच नाही त्याचा इतिहास कशाला? आणि जाहिरात आली ऐन वेळी."

त्यानंतर एका दुपारी मी एकटाच तिथे गेलो. थर्मासमध्ये चहा होता. बाकड्यावर बसून ऊन कलेपर्यंत थांबलो. काहीही वाजलं नाही. कुत्रं मधोमध झोपलेलं होतं, ते कशालाच उठलं नाही. फक्त एकदा... मी निघालो तेव्हा मला वाट देण्यासाठी ते उठलं, बाजूला झालं, मी चढावर जाईपर्यंत मान वळवून बघत राहिलं, आणि परत आडवं झालं. त्या रस्त्यावरची वाहतूक आता मीच.

परतताना टपरीवर थांबलो. बायपासवर चहासाठी कुणी हॉर्न देत नाही. गाड्या चहाचा विचार मनात येईपर्यंत पुढच्या गावात असतात. तरी पंपावरचे लोक येतात, बरं चाललंय. भाभी जाड झाल्यात थोड्या. त्यांनी कागदी कप पुढे केला आणि विचारलं, "वाजला का?"

"नाही."

"वाजनार न्हाय. चहा टाकनारं कोन न्हाय म्हटल्यावर कशाला वाजवंल त्यो?"

यात मला तर्काची चूक सापडली नाही. बाकी सगळ्यात सापडते. वारा, ऊन, वय, एकटेपण — सगळी स्पष्टीकरणं मी मांडून पाहिली, त्यातलं प्रत्येक त्या कुत्र्यापाशी येऊन अडखळतं. भाभींची शंका त्या दुपारी फिटली. मला वाटतं, त्या जाताना ती माझ्याकडे देऊन गेल्या.

सलीम हल्ली माझ्याशी फार जपून बोलतो. परवा रिक्षात म्हणाला, "सर, ताईंकडं का नाय जात पुण्याला? एकटं राहिलं की कान वाजतात माणसाचे." मग आरशात न बघता, "अम्मीचा डोक्याच्या डॉक्टरकडचा नंबर तसाच पडलाय. म्हटलं, वाया जायला नको."

काल दुपारी मी पेपर वाचत पडलो होतो. फ्रीज नुकताच बंद झाला होता. खालून हॉर्न आला : जाडसर, बसलेल्या गळ्याचा. मधे थोडं थांबून पुन्हा एकदा. मी उठलो, आधी दोन कपांचं आधण ठेवलं, आणि मगच गॅलरीत गेलो.

खाली शाळेची बस होती. मी ड्रायव्हरला वरूनच विचारलं, चहा घेणार का. तो नको म्हणाला. त्याला ॲसिडिटी आहे.